सलून चालतंय, पण मन लागत नाहीये

तुझा प्रश्न दोनदा वाचला. वयाने मोठा आहे म्हणून अरे-तुरे करतोय, राग मानू नकोस. बाकीच्यांसाठी प्रश्न थोडक्यात सांगतो. देवगडच्या बाजूला भाड्याच्या गाळ्यात दोन खुर्च्यांचं जेन्ट्स सलून, तिसरं वर्ष, वय ३१. सकाळी सातला शटर वर, रात्री दहाला खाली, आठवड्याची सुट्टी नाही. गिऱ्हाईक बरं आहे पण घरी गेल्यावर कोणाशी बोलावंसं वाटत नाही, लग्न जमत नाहीये, कारागीर मार्चमध्ये सोडून गेला. चुलतभाऊ म्हणतो कणकवलीत दुसरी ब्रँच टाक, मित्र म्हणतो सगळं विकून पुण्याला ये, मोठ्या सलूनमध्ये २५ हजार पगार आहे. आणि शेवटी विचारलंयस, मुद्रा लोन (छोट्या धंद्यासाठीचं सरकारी योजनेतलं कर्ज) काढून एसी आणि हायड्रॉलिक खुर्च्या घेऊ का.

मी मालवण तालुक्यात २००४ पासून दुकान चालवतोय, त्याआधी सहा वर्षं दादरला मामाकडे शिकलो. या काळात मी दुसरी ब्रँच टाकलीय, बंद पण केलीय, आणि तुझ्यासारखा घरी जाऊन भिंतीकडे बघत बसलोय, म्हणून लिहितोय.

तुझ्या प्रश्नात एक ओळ आहे जी तू सहज लिहून पुढे गेलास. "ज्या दिवशी गल्ला हजाराच्या खाली जातो त्या दिवशी झोप लागत नाही." माझ्या मते तुझा सगळा त्रास या ओळीत आहे. ब्रँच की पुणे हा नंतरचा विषय. तू धंदा दिवसावर मोजतोयस आणि आपल्या कोकणातला धंदा दिवसावर मोजायचाच नसतो, महिन्यावर पण नाही, तो वर्षावर मोजायचा असतो. आणि दिवसावर मोजणाऱ्या माणसाला शटर खाली ओढायची भीती वाटते, कारण शेवटचं गिऱ्हाईक कदाचित साडेनऊला येईल. मग तो पंधरा तास उभा राहतो. पंधरा तास उभं राहिलेल्या माणसाला घरी जाऊन काय आनंद होणार?

आता वर्ष बघ आपलं कसं असतं. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद, म्हणजे खलाशी गावाला. आंब्याच्या बागेतले नेपाळी कामगार हंगाम संपला की परत. शेतकरी लावणीत, त्याला दाढीला वेळ नाही. मग श्रावण, अर्धं गाव दाढी वाढवतं. मग गणपतीच्या आधीचे आठ दिवस असे की हातातली कात्री खाली ठेवायला मिळत नाही, मुंबईहून गाड्या भरून चाकरमानी उतरतात आणि रात्री अकराला पण बाकड्यावर पाच जण बसलेले असतात. विसर्जन झालं, चाकरमानी गेले, की लगेच पितृपक्ष, पंधरा दिवस शुकशुकाट. मग दिवाळी, तुळशीच्या लग्नानंतर लगीनसराई, जत्रा, शिमगा, मे महिना. हे कॅलेंडर तुझ्या माझ्या जन्माआधीपासून असंच आहे. जुलैत गल्ला सातशेवर आला यात तुझं काही चुकलेलं नसतं, पण रात्री एकटं बसून सातशे मोजताना असं वाटतं की आपणच कमी पडलो.

आपल्याकडे प्रत्येक घरात पावसाच्या आधी आगोट भरतात ना. सुकी मासळी, सोलं, तांदूळ, लाकडं, मीठ-मसाला, सगळं मे महिन्यात भरून ठेवायचं, कारण पुढचे चार महिने काय मिळेल सांगता येत नाही. माझी आई हे न चुकता करायची आणि मी मात्र दुकानाची आगोट कधी भरली नाही. मे मध्ये पैसे आले की नवीन मोबाईल, गणपतीत पैसे आले की घरात टीव्ही, आणि जुलैत उधारी. सोळा वर्षं असंच चाललं. २०२० ला मार्चअखेर दुकानं बंद झाली ती २८ जूनला उघडली, ती पण फक्त कटिंगला, दाढीला परवानगीच नव्हती. तीन महिने घरात बसून मला कळलं की इतकी वर्षं धंदा करून माझ्याकडे एका महिन्याचं भाडं बाजूला नव्हतं. लाज वाटली खरं सांगायचं तर. बायकोचे कानातले ठेवून भाडं दिलं.

त्यानंतर मी वही घातली आणि वर्षाचा हिशोब काढला. माझे आकडे देतो, तुझे वेगळे असतील, भाडं वेगळं, रेट वेगळे, पण पद्धत बघ. सगळं सुरळीत झाल्यावर पहिल्या पूर्ण वर्षात एकूण गल्ला ५ लाख २८ हजार, म्हणजे महिन्याला सरासरी ४४ हजार. खर्च असा: भाडं ५,५००, लाईट १,८००, सामान (ब्लेड, क्रीम, डाय, टॉवेल, पावडर) ४,२००, मदतीला एक मुलगा होता त्याचा पगार ९,०००. झाले २०,५००. उरले २३,५००. त्यातले १८ हजार मी स्वतःला पगार म्हणून घ्यायला लागलो, दर महिन्याच्या एक तारखेला, मे असो की जुलै असो, तेवढेच. बाकीचं सगळं दुसऱ्या खात्यात, तीच दुकानाची आगोट, त्या खात्याचं कार्ड घरी, त्यावर यूपीआय चालू केलेलंच नाही. मे मध्ये ७२ हजार आले, खर्च आणि पगार काढून ३३,५०० आगोटीत गेले. जुलैत २४ हजार आले, खर्च जाऊन ३,५०० उरले, तर पगाराला कमी पडलेले १४,५०० आगोटीतून काढले. संपलं. जुलैत पहिल्यांदा मला शांत झोप लागली, बाहेर धो धो पाऊस, दुकानात दिवसभरात सहा माणसं, तरी.

एक मात्र सांगतो, हे आधीचं कर्ज नसेल तरच पहिल्या वर्षात जमतं. तुझ्यावर कर्ज आहे का, आईवडील तुझ्यावर अवलंबून आहेत का, हे तू लिहिलं नाहीस. असेल तर पगार कमी धर आणि आगोट भरायला दोन वर्षं लागतील असं समज. पण सुरू कर, पाचशे रुपयांनी कर. त्या पूर्ण वर्षाच्या आधी, २०२१ च्या मे मध्ये तौक्ते वादळ आलं तेव्हा माझ्या दुकानाचे पुढचे पत्रे गेले होते, तेव्हा आगोटीत जेमतेम अकरा हजार होते, पण तेवढ्यात पत्रे बसले आणि कोणाच्या दारात जावं लागलं नाही.

आता वेळेचं. एक महिना असं कर की प्रत्येक गिऱ्हाईक किती वाजता आलं ते भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिही, नाव नको, फक्त वेळ आणि काम. मी केलं होतं. रात्री साडेआठनंतर रोज सरासरी दोन माणसं यायची, बहुतेक दाढीवाली. दुपारी दीड ते चार तीन माणसं. म्हणजे पाच माणसांसाठी मी चार तास ताटकळत होतो. मग बोर्ड लावला, दुपारी दीड ते चार बंद, रात्री साडेआठला बंद, सोमवारी बंद. आपल्या धंद्यात सोमवारची सुट्टी बापजाद्यांपासून आहे, ती तू मोडलीस आणि सातही दिवस उघडं ठेवलंस, कारण शेजारचा नवीन मुलगा उघडं ठेवतो. पहिल्या महिन्यात माझे २,२०० कमी आले. तिसऱ्या महिन्यात गल्ला आधीइतकाच झाला, कारण ज्याला कटिंग माझ्याकडेच करायची असते तो मंगळवारी येतो. जो येत नाही तो तसाही जिथे गर्दी नाही तिथे बसणारा असतो. फक्त एक पथ्य पाळ, बोर्डवर जे लिहिलंय ते आणि तेच. कधी उघडं कधी बंद असं केलंस तर लोक कंटाळतात. गणपतीचे आठ दिवस आणि मेचा शेवटचा आठवडा याला अपवाद, तेव्हा रात्री कितीही वाजोत, तो आपला हंगाम आहे, तेव्हा सुट्टी मागायची नाही. आणि श्रावण वद्य द्वादशीला आपल्या नाभिक समाजाचे संत सेना महाराज यांच्या पुण्यतिथीला दुकान बंदच ठेव, त्या दिवशी समाजाची माणसं भेटतात, तुला सध्या माणसं भेटायची जास्त गरज आहे.

दुसऱ्या ब्रँचबद्दल. मी २०१२ ला हायवेला टाकली होती. तीन खुर्च्या, दोन कारागीर टक्केवारीवर. दीड वर्षात बंद केली. तोटा फार झाला नाही, पण मी ना इकडे होतो ना तिकडे. सकाळी इकडे शटर उघडायचं, अकराला गाडीवर तिकडे, कारागीर आला नाही म्हणून फोन, टॉवेल संपले म्हणून फोन. मला कापायला वेळच मिळेना, मी फक्त माणसं गोळा करत आणि पैसे मोजत फिरत होतो. त्या वर्षी एकदा जेवताना बायको म्हणाली, "घरात तुमचो आवाजच ऐकाक येना नाय." मी भांडलो तिच्याशी त्या दिवशी. पण खरं होतं ते. दुसरी ब्रँच काही लोकांना जमते, ज्यांना माणसं सांभाळायला आवडतं आणि ज्यांच्या घरातला भाऊ किंवा भाचा दुसऱ्या ठिकाणी उभा राहणार असतो त्यांना नक्की जमते. तुझा चुलतभाऊ स्वतः तिथे खुर्चीच्या मागे उभा राहणार आहे का? हे आधी विचार. नुसता सल्ला देत असेल तर त्याला चहा पाज आणि विषय सोड.

कारागीर गेला त्याचं वाईट वाटतं, माहीत आहे, शिकवून तयार केलेला मुलगा समोरच्या गल्लीत दुकान टाकतो तेव्हा पोटात गोळा येतो. माझे तिघे गेले आतापर्यंत. पण मी पण मामाला सोडूनच आलो होतो ना. आता मी मुलगा ठेवतानाच सांगतो, दोन वर्षं माझ्याकडे राहा, पहिले सहा महिने पगार, मग कामाच्या चाळीस टक्के, आणि जाताना दोन महिने आधी सांग, मी तुला पहिली कात्री माझ्याकडून देईन. असं आधीच बोलून ठेवलं की जाणारा चोरासारखा जात नाही. गेल्या वर्षी जो गेला तो आता मला गणपतीत दोन दिवस मदतीला येतो.

आता जे तू खरं विचारायला आला होतास ते. तू लिहिलंस की शिकत असताना फेड (बाजूचे केस खाली बारीक होत जाणारा कट) मारताना तास कसा जायचा कळायचं नाही, आता नुसती डोकी दिसतात. हे मला पण झालं होतं. डोकी दिसायला लागली की समजायचं, थकलोय. वेळ कमी केल्यावर निम्मं आपोआप परत येतं. उरलेल्या निम्म्यासाठी मी काय करतो ते सांगतो.

महिन्याच्या पहिल्या सोमवारी मी पेटी घेऊन तीन घरी जातो, जी माणसं अंथरुणावर आहेत त्यांच्या दाढीला. त्यात एक म्हातारे तांडेल (मासेमारी बोटीचे प्रमुख) आहेत, अर्धांगाने उजवी बाजू गेलेली, बोलणं जवळजवळ नाहीच. सून तांब्यात कोमट पाणी आणते आणि मानेखाली उशी धरते. त्यांचे गाल इतके आत गेलेत की वस्तरा टेकतच नाही, आणि उजवा गाल त्यांना फुगवता येत नाही, मग डाव्या हाताच्या दोन बोटांनी कातडी कानाकडे ताणून धरायची आणि वस्तरा अगदी आडवा, वरून खाली, एका वेळी बोटभरच. मिशी अजून त्यांना टोकाला वळलेली लागते. झालं की तुरटी फिरवतो, आणि मग ते डावा हात हळूहळू वर आणतात आणि हनुवटीपासून कानापर्यंत उलटा फिरवतात. कुठे खुंट लागला तर तिथे बोट थांबतं आणि दोनदा आपटतं. मी परत तिथे साबण लावतो. परत हात फिरतो. एकदा तर चार वेळा झालं हे. शेवटी हात खाली ठेवतात आणि डोळे मिटतात, म्हणजे पास. दुकानात दिवसाला वीस माणसं बसतात, पण इतक्या बारकाईने माझं काम कोणी बघत नाही. तिथून निघालो की मी दिवसभर वेगळाच असतो, घरी येऊन बडबड करतो, बायकोला सांगत बसतो की आज मिशी कशी बसली.

तुझ्यासाठी ते वेगळं काहीतरी असेल. तुला फेड आवडत असेल तर आठवड्यातून एक वेळ ठरव, समजा बुधवारी दुपारी चारला, एकच गिऱ्हाईक, पूर्ण तास, मनासारखं काम, फोटो काढ, घाई नाही. किंवा लहान मुलाचं जावळ काढायला बोलावतात तिथे जा. मामाच्या मांडीवर बसलेलं रडकं पोर शांत ठेवून वस्तरा चालवणं हे येरागबाळ्याचं काम नाही, आणि त्या घरात तुझं नाव पोर मोठं होईपर्यंत निघतं.

लग्नाचं. यावर माझ्याकडे औषध नाही. "सलूनवाला" म्हणून नकार मला पण आले, २००६ मध्ये दोन. ते लागतं मनाला आणि बरेच दिवस लागत राहतं, आणि त्यात तुझी काही चूक नाही एवढंच सांगू शकतो. पण तिसऱ्या ठिकाणी मुलीने स्वतः विचारलं होतं, "रात्री घरी किती वाजता येणार?" मी खरं सांगितलं, साडेदहा. तिने नकार दिला आणि आज विचार केला तर बरोबर दिला. तुला कोणी हा प्रश्न विचारला तर तुझं उत्तर नऊच्या आतलं असायला हवं. आणि वर्षाचा हिशोब वहीत असेल, रिटर्न भरत असशील, तर बोलणी करताना "बरं चालतं" असं मोघम सांगावं लागत नाही, आकडा सांगता येतो. त्याने सगळे होकार देतील असं नाही, पण तू मान वर करून बसशील.

आणि एक गोष्ट मोठा भाऊ म्हणून. वेळ कमी करूनही दोन-तीन आठवडे झोप नाही, जेवण नाही, कशातच रस नाही असं राहिलं तर हा धंद्याचा प्रश्न राहिलेला नाही, डॉक्टरला दाखव. १४४१६ हा टेली-मानसचा सरकारी नंबर आहे, पैसे लागत नाहीत, मराठीत बोलता येतं. आपण दिवसभर लोकांची दुखणी ऐकतो, आपलं सांगायला पण कोणीतरी लागतं.

पुण्याचं म्हणशील तर, एसीत काम, ठरलेला पगार, नवीन कट शिकायला मिळतील, हे सगळं खरं आहे. रूमचं भाडं, डबा आणि येणंजाणं काढून हातात किती राहतील ते मित्रालाच विचार, तो रोज जगतोय ते. तू २२ चा असतास तर मी म्हटलं असतं जा, दोन वर्षं शिकून ये. आता तीन वर्षं घालून गिऱ्हाईक बसवलंयस, ते थकव्याच्या भरात सोडू नकोस. आधी सहा महिने सोमवार बंद ठेवून बघ. त्यानंतरही पुणं डोक्यात असेल तर खुशाल जा, तेव्हा तो निर्णय तुझा असेल.

आता लोन. मुद्रा काढायच्या आधी पीएम विश्वकर्मा बघ. २०२३ च्या सप्टेंबरमध्ये सुरू झालेली योजना, १८ व्यवसायांत आपला नाभिक व्यवसाय आहे. पहिलं कर्ज एक लाखापर्यंत, ५ टक्के व्याजाने, तारण नाही, १८ महिन्यांत फेडायचं. शिवाय हत्यारांसाठी १५ हजार, आणि ट्रेनिंगला बसशील त्या दिवसांचे रोज ५००. घरातल्या एकालाच मिळतं. क्रम महत्त्वाचा आहे, कारण आधी मुद्रा घेतलंस तर ते पूर्ण फेडल्याशिवाय विश्वकर्मा मिळत नाही. नोंदणी सीएससी केंद्रातून (सरकारी कामांचं ऑनलाईन सेवा केंद्र) होते, सध्या चालू आहे का ते तिथे विचारून घे, मग ग्रामपंचायतीकडून पडताळणी.

एसी आत्ता घेऊ नकोस. आपल्याकडची खारी हवा बाहेरच्या युनिटला खाते, मे महिन्यात लाईट जाते आणि इन्व्हर्टरवर एसी चालत नाही, आणि बिल जुलैत पण भरावं लागतं. दोन चांगले भिंतीवरचे पंखे आणि एक एक्झॉस्ट लाव. खुर्ची मात्र घे. एकच घे, तू स्वतः ज्याच्या मागे उभा राहतोस ती. मी अठरा वर्षं फिक्स खुर्चीवर वाकून कापलं आणि आता माझी कंबर सकाळी अर्धा तास सरळ होत नाही, पायावर शिरा फुगल्यात. गिऱ्हाईक वर-खाली करता आलं की तुला वाकावं लागत नाही. घेताना खालचा गोल बेस स्टीलचा आहे ना बघून घे, नुसतं पॉलिश केलेलं लोखंड दोन पावसाळ्यांत गंजतं, आणि दर आठवड्याला फडक्याने पुसून पंपाच्या दांड्याला मशीनचं तेल लाव. गणपतीच्या महिनाभर आधी आली तर उत्तम, हात बसतो तोपर्यंत.